घरच्या काचेच्या टाकीला फिल्टर केवढा घ्यायचा? खोक्यावरचा आकडा आणि खरं पाणी



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्याकडं मासेमारी बंद असते. जाळी घरात, नाव काठावर. या दोन महिन्यांत बरीच मंडळी विचारायला येतात, "भाऊ, घरी काचेची टाकी ठेवून रंगीत मासे विकले तर जमेल का?" काहींच्या घरी मुलांनी हट्ट करून टाकी आणलेलीच असते. मग आठ-दहा दिवसांत दुसरा प्रश्न येतो, "मासे मरायला लागलेत, काय करू?"

दहापैकी सात-आठ वेळा गडबड फिल्टरची असते. एक तर तो लहान असतो, किंवा बरोबर असतो पण आपण तो चुकीचा वापरतो. म्हणून आजचा धडा फिल्टरचा. थोडा हिशोब आहे, पण बाजाराचा हिशोब करणाऱ्याला जड जाणार नाही. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगतो

मुलगी सहावीत असताना तिच्यासाठी दोन फुटी टाकी आणली. दुकानदारानं एक फिल्टर दिला, खोक्यावर लिहिलं होतं ताशी ३०० लिटर. मी म्हटलं, टाकी पन्नास-पंचावन्न लिटरची, फिल्टर तीनशेचा, बस झालं. मुलीनं आठ गोल्डफिश निवडले. आणले.

सहाव्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरट झालं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. आपल्याला तळ्यातलं हे माहीत आहे, पहाटे ऑक्सिजन कमी झाला की मासा असाच वर येतो. मी काय केलं? सगळं पाणी फेकलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली साबण लावून घासला, नवीन पाणी भरलं. स्वच्छ केलं म्हणून खुश. तीन दिवसांत आठपैकी सात गेले.

मुलगी म्हणाली, "बाबा, आपण तर मासेवाले आहोत ना?" ते वाक्य अजून टोचतं. नदीतला मासा आपल्याला कळतो, पण काचेतलं पाणी वेगळं असतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

काचेतल्या पाण्यात काय होतं?

मासा जे खातो त्यातली घाण फक्त विष्ठेतून बाहेर पडत नाही. बहुतेक अमोनिया तर कल्ल्यांतून सरळ पाण्यात सुटतो. तापीत किंवा धरणात पाणी एवढं असतं की हा अमोनिया पसरून जातो, शेवाळ आणि जिवाणू तो संपवतात. टाकीत पाणी पंचेचाळीस लिटर आणि बाहेर जायला वाट नाही. अमोनिया तिथंच साठतो आणि मासा त्याच पाण्यात श्वास घेतो.

मग हा अमोनिया कोण संपवतं? जिवाणू. एक जातीचे जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचा नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातो. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, खरखरीत जागेला चिकटून राहतात: स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा, खडी. त्यांना राहायला जागा लागते, खायला अमोनिया लागतो आणि श्वासाला ऑक्सिजन लागतो.

म्हणजे फिल्टर काय आहे? लोकांना वाटतं गाळणी. गाळणी तर तो आहेच, पण त्याचं मोठं काम म्हणजे तो या जिवाणूंचं घर आहे. म्हणून फिल्टर केवढा घ्यायचा, या प्रश्नाचे दोन भाग होतात:

एक, ताशी किती पाणी त्यातून फिरतं.
दोन, त्यात स्पंज आणि रिंगांना जागा किती आहे.

दुकानात फक्त पहिला आकडा सांगतात. तोही पूर्ण खरा नसतो.

आपल्या गावाचंच उदाहरण घ्या. कुंडी भंडारा सगळ्यांनी पाहिलेला आहे. सतराव्या शतकात, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात तो बांधला गेला, आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीतही त्याचं नाव आलं. सातपुड्यातून पाणी जमिनीतून झिरपत येतं, एका कुंडीतून दुसरीत जातं, कुठं मोटर नाही. तरी पाणी नितळ. का? कारण ते दगड-मातीच्या थरांतून सावकाश येतं, वाटेत त्याला भरपूर जागा मिळते. पाणी नुसतं जोरात फिरवून साफ होत नाही, ते कशातून फिरतं हेही तेवढंच बघावं लागतं.

पायरी १: टाकीत खरं पाणी किती?

टाकी आपण फुटात मोजतो, म्हणून हिशोबही फुटातच करू. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर.

लांबी × रुंदी × उंची (सगळं फुटात) × २८.३ = लिटर.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच: २ × १ × १ × २८.३ = ५६.६ लिटर.

पण टाकी आपण काठोकाठ भरत नाही. खाली खडी असते, दगड असतात, वर दोन बोटं जागा सोडतो. म्हणून शंभरातले वीस वजा करा. ५६ चे राहिले ४५ लिटर. हे खरं पाणी. पुढचा सगळा हिशोब यावर करायचा.

पायरी २: ताशी किती वेळा फिरवायचं?

साधारण नियम असा आहे की टाकीतलं सगळं पाणी तासाला ४ ते ६ वेळा फिल्टरमधून गेलं पाहिजे. मधला आकडा धरू, ५ वेळा. पंचेचाळीस लिटरच्या टाकीला ४५ × ५ = २२५ लिटर ताशी.

आता तुम्ही म्हणाल, मग माझा ३०० चा फिल्टर तर पुरून उरला असता. इथंच फसगत आहे.

पायरी ३: खोक्यावरचा आकडा आणि खरा आकडा

खोक्यावर जो आकडा असतो तो नुसत्या मोटरचा असतो. आत स्पंज नाही, पाणी वर चढवायचं नाही, नळी नवीकोरी, असं धरून तो काढलेला असतो. प्रत्यक्षात स्पंज अडवतो, नळी अडवते, गाळ बसला की आणखी अडवतो.

नदीवरून शेतात पाणी खेचणारा पंप आठवा. काठ जवळ असला तर धार मनगटाएवढी जाड. तोच पंप उंच दरडीवर पाणी चढवायला लावला तर धार करंगळीएवढी. मोटर तीच, पण उंची वाढली की पाणी कमी. फिल्टरच्या मोटरचंही तसंच आहे. खोक्यावर बघा, लिटरच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, 'एच मॅक्स' म्हणून, मीटरमध्ये. ती मोटर जास्तीत जास्त तेवढ्या उंचीवर पाणी ढकलते, आणि त्या उंचीवर पोहोचेपर्यंत पाणी येणं बंद झालेलं असतं. एच मॅक्स एक मीटर असेल आणि तुम्ही अर्धा मीटर चढवत असाल, तर निम्म्याच्या आसपासच पाणी मिळेल असं धरा. टाकीच्या वर बसणाऱ्या फिल्टरला, ज्याला आपण टॉप फिल्टर म्हणतो, हे जास्त लागू पडतं.

म्हणून खोक्यावरच्या आकड्यातले साधारण शंभरातले साठच आपले, असं धरून चला. ताशी पाच वेळा खरं पाणी फिरवायचं तर खोक्यावरचा आकडा पाण्याच्या आठ पट पाहिजे. हे लिहून ठेवा:

खरं पाणी × ८ = खोक्यावर दिसायला पाहिजे तो आकडा.

टाकीप्रमाणे हिशोब करून ठेवला आहे:

• १ × १ × १ फूट: खरं पाणी सुमारे २२ लिटर. फिल्टर १८० ते २००, किंवा साधा स्पंज फिल्टर.
• २ × १ × १ फूट: ४५ लिटर. फिल्टर ३५० ते ४००.
• २ × १ × १.५ फूट: ६८ लिटर. फिल्टर ५५० ते ६००.
• ३ × १ × १.५ फूट: १०० लिटर. फिल्टर ८००.
• ४ × १.५ × १.५ फूट: २०० लिटर. फिल्टर १६००, पण त्यापेक्षा ८०० चे दोन घ्या. एक बंद पडला तरी दुसरा टाकी सांभाळतो, आणि धुताना एका वेळी एकच धुता येतो.

पायरी ४: मासा कोणता, किती?

वरचा हिशोब गप्पी, मॉली, प्लॅटी, टेट्रा अशा लहान माशांसाठी. मासा बदलला की आकडा बदलतो.

गोल्डफिश: हा खातो खूप आणि घाणही खूप करतो. याला आठऐवजी दहा पट किंवा जास्त धरा. आणि एका गोल्डफिशला निदान ४० लिटर पाणी पाहिजे. म्हणजे माझ्या ४५ लिटरच्या टाकीत एकच बसत होता, मी आठ टाकले. तिथं दुप्पट फिल्टर लावला असता तरी ते आठ जगले नसते. फिल्टर मोठा घेतला म्हणजे गर्दी चालते, असं समजू नका. मत्स्यबीज नेताना ऑक्सिजनच्या पिशवीत बोटुकली मोजूनच भरतो ना आपण? जास्त भरली की पिशवी कितीही फुगवा, मरतातच. टाकीही तशीच.

लहान माशांसाठी साधा अंदाज: पूर्ण वाढलेल्या माशाच्या एका इंचाला ४ लिटर पाणी. दीड इंची दहा गप्पींना ६० लिटर. दुकानात मासा छोटा दिसतो, म्हणून मोठा झाल्यावर केवढा होईल ते विचारून घ्या.

फायटर: याला जोराची धार सहन होत नाही, लांब पंख ओढले जातात. याला स्पंज फिल्टर लावा, हवा कमी सोडा.

पिल्लं आणि जिरे: मोटरचा फिल्टर लावलात तर पिल्लं आत खेचली जातात. तिथंही स्पंज फिल्टरच. ज्यांना पुढं पिल्लं काढून विकायची आहेत त्यांना तर हाच कामाचा. स्वस्त आहे आणि एका एअर पंपावर नळ्या फोडून चार-पाच टाक्या चालतात. फक्त एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत चेक व्हॉल्व बसवा. नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलट येऊन पंपात शिरतं.

सकर मासा म्हणजे फिल्टर नव्हे

बरेच जण म्हणतात, "फिल्टरचा खर्च कशाला, एक सकर मासा टाकतो, तो काच साफ करतो." काचेवरचं शेवाळ तो थोडंफार खातो, पण अमोनिया खात नाही. उलट स्वतःची घाण त्यात घालतो. बोटाएवढा आणलेला सकर दीड फुटापर्यंत वाढतो. मग टाकीत मावत नाही, आणि लोक तो नदीत नाहीतर तळ्यात सोडून येतात.

हे आपल्या पोटावर येणारं आहे, म्हणून जोर देऊन सांगतो. सकरच्या अंगावर काट्यांचं चिलखत असतं. जाळ्यात अडकला की सोडवताना जाळं फाटतं. आंध्र, तेलंगण, केरळकडच्या मच्छीमारांना याचा त्रास होतो आहे. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, आणि आपल्या माशांचं खाणं तो खातो. म्हणून टाकीतला कोणताही मासा तापीत, धरणात, गावतळ्यात सोडू नका. नको झाला तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला द्या.

फिल्टर विकत घेताना

एकाच आकड्याचे दोन फिल्टर समोर असले तर आत उघडून बघा. ज्यात स्पंज मोठा आणि रिंगा टाकायला जागा जास्त, तो घ्या. काही स्वस्त फिल्टरमध्ये मोटर मोठी आणि स्पंज काडेपेटीएवढा असतो. पाणी जोरात फिरतं, पण जिवाणूंना घर नाही.

आतली मांडणी अशी: पाणी आधी जाड स्पंजमधून जावं, मग बारीक कापसातून, शेवटी सिरॅमिक रिंगांतून. मोठा कचरा आधीच अडला की रिंगांची भोकं बुजत नाहीत. कोळसा रोज लागत नाही. औषध टाकल्यावर पाण्यातून ते काढायचं असेल तेव्हाच घाला.

विजेची भीती नको. १० वॅटचा फिल्टर दिवसरात्र चालला तर महिन्याला सात-सव्वासात युनिट जातात. २५ वॅटचा असेल तर अठरा. मात्र रात्री बंद करण्याची काटकसर करू नका. फिल्टर बंद झाला की आतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरायला लागतात. सकाळी सुरू केला की तीच सडलेली घाण टाकीत येते. लाइट बरेच तास गेली असेल, तर आधी स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून घ्या आणि मगच चालू करा. आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट जाते, म्हणून बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असावा.

उन्हाळा आणि जड पाणी

या दोन गोष्टी आपल्या भागासाठी खास सांगाव्या लागतात.

पहिली, ऊन. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात, ३५ अंशाला सातच्या आसपास. आणि नेमकं तापलेल्या पाण्यात माशाला आणि जिवाणूंना ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणून फिल्टरची धार पाण्याच्या पृष्ठभागावर पडेल आणि वरचं पाणी हलेल अशी लावा. हवा पाण्यात मिसळते ती तिथूनच. मे महिन्यात टाकी खिडकीजवळ किंवा पत्र्याखाली ठेवू नका. मासे कमी ठेवा.

दुसरी, जड पाणी. आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात चुना जास्त. कुंडी भंडाऱ्यातल्या भिंतींवर चुन्याचे थर चढलेले तुम्ही पाहिले असतील. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवतं, तेव्हा नवीन माणसानं यांच्यापासूनच सुरुवात करावी. पण त्यात एक धोका आहे. अशा पाण्याचा पीएच बहुतेक सातच्या वर असतो, आणि पीएच वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो. २५ अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शंभरात अर्धा भागच जहाल असतो. पीएच ८ झाला की पाच भाग, म्हणजे दहा पट. ३० अंशाला सात-साडेसात भाग. म्हणजे थंड आणि हलक्या पाण्याच्या गावात जो फिल्टर कसाबसा पुरतो, तो आपल्याकडं उन्हाळ्यात कमी पडतो. म्हणून आपण पाच पटीचं खरं पाणी धरलं, चार पटीचं नाही.

चुना मोटरच्या पंख्यावरही चढतो. आवाज वाढला, धार कमी झाली की प्लग काढून पंखा बाहेर घ्या, लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा, जुन्या दातांच्या ब्रशनं घासा, साध्या पाण्यानं नीट धुऊन बसवा.

नवीन फिल्टर पहिल्या दिवशी रिकामं घर असतं

हे ध्यानात घ्या, कारण इथंच बहुतेक मासे मरतात. नवीन स्पंजमध्ये एकही कामाचा जिवाणू नसतो. ते वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत फिल्टर केवढाही मोठा असो, अमोनिया साठणारच. माझ्या टाकीत सहाव्या दिवशी जे झालं ते हेच होतं. आणि त्यानंतर मी साबण लावून जे थोडे जिवाणू आले होते तेही मारले.

मग काय करायचं?

१. टाकी भरा, फिल्टर चालू करा. नळाचं पाणी असेल तर आधी चोवीस तास उघड्या टबात ठेवा म्हणजे क्लोरिन उडून जाईल. क्लोरिन माशालाही मारतो आणि जिवाणूंनाही.
२. सुरुवातीला दोन-तीनच काटक मासे सोडा. चिमूटभर खाणं, दिवसातून एकदा. दोन मिनिटांत जेवढं संपेल तेवढंच.
३. दर तीन-चार दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदला. सगळं पाणी कधीच बदलू नका.
४. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा, ओला ठेवूनच आणा, आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. दही लावायला विरजण घालतो तसं. महिन्याचं काम बरंच लवकर होतं. मात्र त्या टाकीत आजार असेल तर आजारही येईल, तेव्हा बघून घ्या.
५. टेस्ट किट मिळाली तर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच आणखी मासे वाढवा, तेही एकदम नाही.

पुढं स्पंज धुताना साबण नको, नळाचं पाणी नको. टाकीतूनच काढलेलं पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळा, लगेच परत लावा. थोडा मळकट दिसला तरी चालेल, तो मळच कामाचा आहे. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी धुऊ नका. माशाला औषध द्यायचं असेल तर त्याला वेगळ्या टबात काढून द्या, कारण बरीच औषधं फिल्टरमधले जिवाणूही मारतात.

आणि टाकीत हात घालण्याआधी प्रत्येक वेळी प्लग काढा. वायर बोर्डकडं जाताना थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगात न जाता खाली टपकेल. लहान मुलांनाही हे शिकवा.

धंदा म्हणून करायचं असेल तर

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना १० सप्टेंबर २०२० ला सुरू झाली. त्यात घरामागच्या छोट्या रंगीत मासे युनिटचा खर्च ३ लाख धरला आहे, त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत. अर्ज करण्याआधी चालू नियम मत्स्य विभागाच्या ऑफिसात जाऊन नक्की विचारा.

पण माझं सांगणं असं की आधी एक टाकी सहा महिने सांभाळून बघा. एका टाकीचा फिल्टर कळला नाही तर वीस टाक्यांत वीसपट नुकसान. घरातल्या बायका-पोरांना यात घ्या. रोज टाकीसमोर थांबून बघणारा माणूस घरात असेल, तर मासा आजारी पडण्याआधीच लक्षात येतं.

आज घरी जाऊन एवढं करा

ज्यांच्याकडं टाकी आहे त्यांनी एक लिटरचं माप घ्या. फिल्टरचं पाणी जिथून टाकीत पडतं तिथं धरा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. मग ३६०० ला तेवढ्या सेकंदांनी भागा. आलेला आकडा म्हणजे तुमचा फिल्टर ताशी खरं किती लिटर फिरवतो तो.

दहा सेकंदांत लिटर भरला तर ३६०. अठरा सेकंदांत भरला तर २००. मी माझा तो ३०० चा फिल्टर नंतर मोजला, लिटर भरायला चोवीस सेकंद लागले. म्हणजे १५० लिटर, खोक्यावरच्या निम्मा.

आलेल्या आकड्याला टाकीतल्या खऱ्या पाण्यानं भागा. चारच्या वर आलं तर ठीक. खाली आलं तर आधी स्पंज पिळून पुन्हा मोजा, तरी कमीच आलं तर फिल्टर लहान आहे असं समजा. फिल्टर बदलताना जुना लगेच काढू नका. नवा शेजारी लावून महिनाभर दोन्ही एकत्र चालवा, म्हणजे जुन्यातले जिवाणू नव्यात जातील.

टाकीचं माप, मासे किती आणि कोणते, आणि मोजलेले सेकंद, एवढं खाली लिहा. सगळ्यांचा हिशोब मिळून बघू. ज्यांना भागाकार जमत नाही त्यांनी नुसते सेकंद लिहिले तरी चालेल, बाकीचं मी करून देतो.

मुलीच्या टाकीतला तो एकटा उरलेला गोल्डफिश पुढं मोठ्या फिल्टरवर चार वर्षं जगला. आता त्या टाकीत गप्पी आहेत, आणि स्पंज तीच पिळते. मला हात लावू देत नाही.

आपला,
सचिव